विजेच्या तारांखालची जमीन: काय वाढू द्यावे, काय छाटावे आणि कोणी छाटावे

शेतावरून उच्चदाबाची वाहिनी गेली की तिच्याखालच्या पट्ट्याबद्दल दोन टोकांच्या समजुती दिसतात. काही शेतकरी तेवढी जमीन गेलीच असे धरून तिथे सुबाभूळ, बाभूळ, घाणेरी असे जे उगवेल ते उगवू देतात. काही जण तार डोक्यावर कितीतरी उंच आहे या भरवशावर तिथे ऊस, बांबू किंवा निलगिरी लावतात. दोन्हींचा परिणाम बहुधा एकच होतो. पावसाळ्याच्या तोंडावर छाटणीची टोळी येते, हाताला लागेल ते घाईने तोडते आणि मृगाचा पाऊस पडताच त्याच खोडांतून पूर्वीपेक्षा जास्त फुटवे वर येतात. दोन-तीन वर्षांत काम वाढलेले असते, जमिनीचा उपयोग मात्र काहीच झालेला नसतो. हे चक्र थांबवायचे असेल तर तोडणीचे वेळापत्रक पुरेसे नाही. त्या पट्ट्यात कोणती वनस्पती कायमची राहील हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी तारेची उंची, तिचा झोळ (दोन टॉवरमध्ये तार किती खाली लोंबते ते) आणि जमिनीचा उतार यांचा हिशेब मांडावा लागतो. शेतकरी, बागायतदार, ग्रामपंचायती आणि गृहनिर्माण संस्था यांना हा हिशेब स्वतः मांडता यावा, यासाठी पुढील माहिती दिली आहे.

वाहिनी ओळखणे आणि आकडे मिळवणे

पहिले काम म्हणजे आपल्या जमिनीवरून जाणारी वाहिनी किती दाबाची आहे आणि ती कोणाची आहे हे निश्चित करणे. टॉवरवरील धोक्याच्या पाटीवर दाब लिहिलेला असतो. त्याच्याजवळच्या दुसऱ्या पाटीवर वाहिनीचे नाव आणि टॉवरचा क्रमांक असतो. हे दोन्ही वहीत उतरवून ठेवावे, कारण पुढे कोणत्याही अर्जात गट क्रमांकासोबत टॉवर क्रमांक दिला की काम लवकर होते. पाटी गंजलेली किंवा चोरीला गेलेली असेल तर तारेला धरून ठेवणाऱ्या चिनी मातीच्या चकत्यांच्या माळेवरून अंदाज येतो. १३२ केव्हीच्या (केव्ही म्हणजे किलोव्होल्ट, हजार व्होल्ट) माळेत साधारण ९-१०, २२० केव्हीच्या माळेत १३-१४ आणि ४०० केव्हीच्या माळेत २३ च्या आसपास चकत्या असतात. अलीकडच्या वाहिन्यांवर चकत्यांऐवजी एकसंध पॉलिमर इन्सुलेटर असतात, तिथे ही मोजणी उपयोगी पडत नाही.

महाराष्ट्रात ११, २२ आणि ३३ केव्हीच्या वाहिन्या बहुतेक ठिकाणी महावितरणच्या असतात. त्याहून जास्त दाबाच्या वाहिन्या महापारेषणच्या, पॉवरग्रिडच्या किंवा खासगी पारेषण कंपन्यांच्या असतात. गोव्यात राज्याच्या वीज खात्याकडे चौकशी करावी. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर महिनोन्महिने तिथेच पडून राहतो, म्हणून ही खात्री आधी करून घ्यावी.

आता आकडे पाहू. प्रत्येक दाबासाठी तीन अंतरे लक्षात ठेवावीत. पहिले म्हणजे मार्गाधिकाराच्या पट्ट्याची, म्हणजे वाहिनीसाठी राखलेल्या जमिनीच्या पट्ट्याची, रुंदी. दुसरे म्हणजे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार, रस्ता सोडून इतर जमिनीवर, सर्वांत खालची उघडी तार जमिनीपासून किमान किती उंच असली पाहिजे. तिसरे म्हणजे केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाच्या वनक्षेत्रातील वाहिन्यांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार झाड आणि तार यांत किमान किती अंतर हवे. हे तिसरे अंतर वनक्षेत्रासाठी सांगितलेले असले तरी शेतातही तेच प्रमाण मानणे शहाणपणाचे आहे.

११ केव्ही: पट्टा ७ मीटर, तारेची उंची ४.६ मीटर, झाडापासून अंतर २.६ मीटर.
३३ केव्ही: पट्टा १५ मीटर, तारेची उंची ५.२ मीटर, झाडापासून अंतर २.८ मीटर.
१३२ केव्ही: पट्टा २७ मीटर, तारेची उंची ६.१ मीटर, झाडापासून अंतर ४ मीटर.
२२० केव्ही: पट्टा ३५ मीटर, तारेची उंची सुमारे ७ मीटर, झाडापासून अंतर ४.६ मीटर.
४०० केव्ही: पट्टा ४६ मीटर, तारेची उंची सुमारे ८.८ मीटर, झाडापासून अंतर ५.५ मीटर.

दुसऱ्या आकड्यातून तिसरा वजा केला की तारेच्या सर्वांत खालच्या बिंदूखाली किती उंचीची वनस्पती चालेल ते कळते. ११ केव्हीखाली ही उंची २ मीटर येते, १३२ केव्हीखाली २.१ मीटर, २२० केव्हीखाली २.४ मीटर आणि ४०० केव्हीखाली ३.३ मीटर. पुष्कळांना हे पाहून आश्चर्य वाटते, कारण मोठ्या टॉवरची वाहिनी म्हणजे भरपूर जागा असा समज असतो. टॉवरची उंची आणि तारेची उंची या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय दाब जितका जास्त तितक्या जास्त अंतरावरून वीज हवेतून झेप घेऊ शकते, त्यामुळे झाड तारेला प्रत्यक्ष टेकण्याची गरजच नसते.

झोळ समजून घेणे

दोन टॉवरमधल्या गाळ्यात तार सरळ रेषेत नसते. २२० केव्हीच्या वाहिनीत दोन टॉवरमधले अंतर साधारण ३५० मीटर असते आणि सपाट जमिनीवर तार टॉवरजवळ सर्वांत उंच व गाळ्याच्या मध्यावर सर्वांत खाली असते. वरचे हिशेब त्या मधल्या, सर्वांत खालच्या भागासाठी आहेत. टॉवरच्या बाजूला सरकत जावे तशी मोकळी उंची काही मीटरने वाढते. म्हणजे एकाच पट्ट्यात कुठे फक्त हरभरा घ्यावा, कुठे डाळिंब चालेल आणि कुठे उसाला हरकत नाही, हे त्या जागी तार किती खाली येते त्यावरून ठरते. उताराच्या जमिनीवर सर्वांत खालचा बिंदू मध्यावर नसून खालच्या अंगाच्या टॉवरकडे सरकलेला असतो, आणि मध्येच टेकाड असेल तर जमीन व तार यांतले सर्वांत कमी अंतर त्या टेकाडावरच सापडते.

झोळ स्थिरही नसतो. तारेतून जास्त वीज वाहू लागली आणि हवा तापली की धातू लांबतो व तार खाली येते. डिसेंबरच्या पहाटे पाहिलेली तार आणि एप्रिलच्या दुपारची तार यांत मोठ्या गाळ्यात चांगलाच फरक पडतो, म्हणून हिवाळ्यातल्या निरीक्षणावर लागवड ठरवू नये. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ३४५ केव्हीच्या वाहिन्या अशाच खाली येऊन वेळेवर न छाटलेल्या झाडांजवळ पोहोचल्या. त्यातून सुरू झालेल्या बिघाडांच्या मालिकेमुळे अमेरिका आणि कॅनडातील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. वाऱ्यात तार बाजूलाही झुलते आणि हा झोकाही गाळ्याच्या मध्यावरच जास्त असतो. म्हणून पट्ट्याच्या कडेचे झाड तारेच्या थेट खाली नाही एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

तारेची उंची मोजण्यासाठी काठी, बांबू किंवा टेप कधीही वर नेऊ नये. आपल्या गटातील गाळ्याची प्रत्यक्ष उंची वाहिनीच्या मालक कंपनीकडे लेखी मागावी. त्यांच्याकडे वाहिनीचा उभा छेद असतो आणि जागेवर दुरून उंची मोजणारी उपकरणेही असतात. तोपर्यंत वर दिलेली किमान उंचीच खरी मानावी. झाडाची उंची मात्र सावलीवरून घरच्या घरी काढता येते. एक मीटर लांबीची काठी झाडाजवळच्या सपाट जागी, तारेपासून दूर, उभी करावी आणि तिची सावली मोजावी. त्याच वेळी झाडाची सावली बुंध्यापासून शेंड्यापर्यंत मोजावी. काठीची सावली ०.८ मीटर आणि झाडाची ६ मीटर असेल तर झाड ७.५ मीटर उंच आहे.

काय लावावे

लागवड ठरवताना वनस्पतीची आजची उंची पाहू नये. ती पूर्ण वाढल्यावर किती होईल आणि एका पावसाळ्यात किती वाढते, या दोन गोष्टी पाहाव्यात. सुबाभूळ आणि निलगिरी चांगल्या जमिनीत वर्षाला दोन-तीन मीटर सहज वाढतात. बांबूचा कोंब तर एकाच पावसाळ्यात आपली पूर्ण उंची गाठतो. ही तिन्ही झाडे पट्ट्यात लावूच नयेत, मग कोणी कितीही छाटणीचे आश्वासन देवो. नारळाबाबतही हेच लागू आहे. नारळाला फांद्या नसतात, त्याचा शेंडा छाटला तर झाड मरते आणि वाळलेली झावळी वाऱ्याने तारांवर आडवी पडते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड व रत्नागिरीच्या किनाऱ्यावर नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर खांब व तारा किती ठिकाणी गेल्या, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. नव्याने बाग लावताना नारळाची ओळ वाहिनीपासून झाडाच्या पूर्ण उंचीइतकी दूर ठेवली, तर पुढच्या वादळात दोन्ही वाचतील.

गाळ्याच्या मधल्या भागात सोयाबीन, भुईमूग, हरभरा, गहू, कांदा, भाजीपाला, हळद, आले अशी कमी उंचीची पिके निर्धोक आहेत. फळझाडांत छाटणीने दोन मीटरच्या आत ठेवलेले डाळिंब ४०० केव्हीच्या पट्ट्यात चालते. १३२ व २२० केव्हीखाली ते गाळ्याच्या मध्यापासून टॉवरच्या बाजूला घ्यावे. सीताफळ, लिंबू, पेरू यांचेही तसेच आहे, पण त्यांची उंची दरवर्षी नेमाने आवरावी लागते. ज्याला एक वर्षही छाटणी चुकवायची सवय आहे त्याने ती मध्यावर लावू नयेत. चाऱ्यासाठी नेपिअर गवत लोकप्रिय आहे, पण कापणी लांबली तर ते तीन मीटरच्या वर जाते. त्याऐवजी मारवेल घ्यावे.

द्राक्षबागेचा प्रश्न वेगळा आहे. मांडव उंचीने बसतो, पण लोखंडी अँगल आणि लांबच लांब तारांचे जाळे उच्चदाबाच्या वाहिनीला समांतर असेल तर त्यात विद्युतप्रवर्तनाने दाब निर्माण होतो आणि हात लावणाऱ्याला झटका बसतो. २२० केव्ही व त्यावरील वाहिनीखाली मांडव, तारेचे कुंपण किंवा पत्र्याची शेड असेल तर तिला योग्य अंतरांवर अर्थिंग करून घ्यावे आणि ते काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करवून घ्यावे.

माळरान, गायरान आणि डोंगरउतार

जिथे शेती नाही अशा पट्ट्यांकडे कोणाचे लक्ष नसते, आणि माझ्या मते सर्वांत मोठी संधी तिथेच आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १९५३ पासून एका पारेषण वाहिनीच्या पट्ट्यात वनस्पतींचा अभ्यास चालू आहे. त्यातून पुढे आलेली पद्धत अशी की तारांच्या थेट खाली गवत आणि बुटक्या वनस्पती राखायच्या, पट्ट्याच्या दोन्ही कडांना झुडपे वाढू द्यायची आणि उंच होणारी झाडे तेवढी वेचून काढायची. गवत-झुडपांचे दाट आच्छादन एकदा बसले की उंच झाडांच्या रोपांना प्रकाश व जागा मिळत नाही आणि दरवर्षीचे काम आपोआप कमी होते. सरसकट सगळे साफ करण्यात नेमका उलटा परिणाम होतो, कारण उघड्या जमिनीवर सर्वांत आधी सुबाभूळ, घाणेरी आणि रानमोडीच येते.

आपल्याकडे हे करायचे तर पावसाळ्याआधी उंच वाढणाऱ्या झाडांची रोपे मुळासकट उपटावीत. मोठी झाडे नुसती कापून सोडली तर सुबाभळीसारख्या जाती बुंध्यातून पुन्हा फुटतात, म्हणून बुंधा खणून काढावा. टॉवरच्या पायाजवळ मात्र खणू नये, तिथे फुटवे कोवळे असतानाच वारंवार खुडावेत. झाडाची साल गोलाकार काढून ते उभ्याने वाळवण्याची पद्धत वाहिनीजवळ कधीही वापरू नये, कारण असे वाळके झाड कधी आणि कोणत्या बाजूला पडेल हे सांगता येत नाही. घाणेरी जमिनीच्या पृष्ठाखाली तीन-चार बोटांवर, जिथून फुटवे येतात त्या भागाच्या खाली तोडून झुडूप उलटे करून ठेवावे. हे काम तिची फळे पिकण्याआधी करावे, नाही तर पक्षी तिचे बी पुन्हा सगळीकडे पसरवतात. मोकळ्या झालेल्या जागेवर पहिल्या पावसाबरोबर पवना, मारवेल, डोंगरी आणि स्टायलो यांचे बी पेरावे. कडेला करवंद, निर्गुडी, तरवड, अडुळसा ही झुडपे राखावीत. गुरांना चारा मिळतो, माती धरून राहते आणि मधमाश्यांना फुलोरा मिळतो.

सह्याद्रीत दरी ओलांडणाऱ्या गाळ्यांत तार झाडांच्या कितीतरी वर असते. डोंगराळ भागात पुरेसे अंतर आधीच असेल तर झाडे तोडू नयेत, असे वनक्षेत्राच्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटले आहे. वाहिनी उभारताना प्रत्येक तारेखाली तार ओढण्यासाठी ३ मीटरची पट्टी मोकळी करता येते, पण काम संपल्यावर तिथे नैसर्गिक पुनरुत्पादन होऊ द्यायचे असते आणि देखभालीसाठी कडेची एकच पट्टी मोकळी ठेवायची असते. संपूर्ण पट्टा बोडका करणे हा नियम नाही. संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी हे लक्षात ठेवून तोडणीच्या वेळी जागेवर हजर राहावे. किनाऱ्यावर खारफुटी असेल तर २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानुसार न्यायालयाच्या परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही.

छाटणी कोणी करावी आणि कशी

१३२ केव्ही आणि त्यावरील वाहिनीच्या पट्ट्यातले जे झाड वर दिलेल्या अंतराच्या जवळ पोहोचले आहे त्याची छाटणी जमीनमालकाने स्वतः करू नये. ११ व ३३ केव्ही किंवा घरगुती लघुदाबाच्या तारांजवळही ज्या झाडाची फांदी, किंवा छाटणाऱ्याचा हात व हत्यार, तारेपासून तीन मीटरच्या आत येण्याची शक्यता आहे तिथे हाच नियम पाळावा. वाहिनी बंद करणे, परमिट (काम करण्याची लेखी परवानगी) घेणे, तार खरोखर निर्जीव आहे का हे तपासणे आणि दोन्ही बाजूंनी अर्थिंग करणे ही कामे वाहिनीच्या मालक कंपनीच्या तांत्रिक कर्मचाऱ्यांची आहेत. ‘आत्ता लाईट नाही’ एवढ्यावर झाडावर चढणे हे गावोगावच्या अपघातांचे मोठे कारण आहे. शेतीच्या फिडरला थ्री फेज पुरवठा ठरावीक तासच असतो, पण त्या बाहेरच्या वेळेत तारा निर्जीव असतात असे मुळीच नाही. शेजारच्या जनरेटरमुळेही बंद दिसणारी तार जिवंत होऊ शकते.

जे झाड तारेपासून पुरेसे दूर आहे आणि आपण छाटणार आहोत, ते शेंड्यातून आडवे कापू नये. शेंडा उडवला की त्या जखमेभोवती कमकुवत, सरळसोट फुटव्यांचा झुबका येतो, तो वेगाने तारेकडेच जातो आणि वाऱ्यात मोडतो. त्याऐवजी तारेच्या दिशेने जाणारी फांदी तिच्या उगमापर्यंत, किंवा तारेपासून दूर वळलेल्या एखाद्या उपफांदीपर्यंत काढावी. ही उपफांदी काढलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची असावी, म्हणजे झाडाची वाढ तिच्याकडे वळते. जाड फांदी तीन कापांत उतरवावी. खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप घ्यावा, त्याच्या थोडे पुढे वरून दुसरा काप घेऊन फांदी पाडावी आणि मग राहिलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापावा. तो कडा कापला तर जखम भरत नाही. खालचा काप न घेता फांदी पाडली तर ती खोडाची साल सोलत खाली येते. एका वेळी झाडाचा पाव भागापेक्षा जास्त घेर काढू नये. कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी या प्रमाणात, लावावी. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर लगेच करावी.

तोडायचेच झाले तर आपल्या जमिनीतले झाडही परवानगीशिवाय तोडता येते असे समजू नये. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा, ऐन, खैर, चंदन अशी झाडे आहेत आणि त्यांच्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शहरांत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे, त्यामुळे गृहनिर्माण संस्थांनी आधी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

पट्ट्याबाहेरच्या झाडांकडेही दरवर्षी एकदा पाहावे. झाडाची उंची तारेपासूनच्या त्याच्या अंतरापेक्षा जास्त असेल आणि ते वाहिनीकडे झुकलेले, पोकळ किंवा वाळवीने खाल्लेले असेल, तर ते पट्ट्यातल्या झाडापेक्षा जास्त धोक्याचे आहे. अशा झाडांची यादी एप्रिलमध्येच कार्यालयाला द्यावी, म्हणजे ती मान्सूनपूर्व कामांत घेता येते.

ऊस आणि आग

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात दरवर्षी गाळप हंगामात तारांच्या ठिणग्यांनी ऊस जळतो. तोडणीला आलेला ऊस तीन ते चार मीटर उंच असतो, आणि ११ केव्हीची तार नियमानुसार ४.६ मीटरवर असली तरी मध्ये जेमतेम अर्धा ते दीड मीटर जागा उरते. तार लोंबलेली असेल तर तीही नाही. म्हणून ११ केव्हीचा ७ मीटरचा पट्टा उसातून वगळावा आणि तिथे हरभरा, भुईमूग किंवा चारा घ्यावा. एका गाळ्यामागे जाणारे क्षेत्र थोडे असते आणि त्यामुळे वाचणारे क्षेत्र पूर्ण फड असतो. डीपीभोवती किमान तीन मीटर जागा पाचट, गवत आणि वेली काढून मातीची ठेवावी. ढिले जम्पर (तारा जोडणारे तुकडे), एकमेकींना घासणाऱ्या लघुदाबाच्या तारा, वाकलेला खांब, तुटलेला ताण (खांबाला आधार देणारी तिरपी तार) यांची लेखी तक्रार ऑक्टोबरच्या आधी द्यावी आणि लघुदाबाच्या तारांवर स्पेसर (तारा एकमेकींपासून दूर ठेवणारे तुकडे) मागावेत.

मोठ्या वाहिनीखाली पाचट पेटवणे हे सर्वांत अविचाराचे काम आहे. ज्वाळा, काजळी आणि तापलेली हवा यांनी तार व जमीन यांमधल्या हवेची रोधकता घटते आणि वीज थेट आगीत उतरू शकते. पाचट सरीत दाबून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू वापरून कुजवावे. कडब्याची गंजी तारेखाली रचू नये. गायरानात व वनाच्या कडेला जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळ्या केलेल्या पट्ट्या) फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काढून ठेवाव्यात.

ऊस जळालाच तर त्याच दिवशी १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ खाली अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करतात आणि भरपाईच्या मागणीत त्यांचा अहवाल कळीचा ठरतो. म्हणून तारांची दुरुस्ती होण्याआधी छायाचित्रे काढावीत. साखर कारखान्याच्या गट कार्यालयालाही त्याच दिवशी कळवावे, कारण जळक्या उसाचे वजन आणि उतारा रोज घटतो.

टॉवरचा पाया, यंत्रे आणि पाइप

टॉवरच्या चार पायांभोवतीची माती, मुरूम किंवा वाळू काढू नये, तिथे शेततळे वा विहीर खणू नये आणि पाणी साचू देऊ नये. जमिनीत गेलेली अर्थिंगची पट्टी नांगराने तुटली तर लगेच कळवावे. याच्या उलट चूकही सर्रास होते. सपाटीकरणात किंवा शेततळ्याच्या भरावात तारेखालची जमीन मीटरभर उंच केली जाते आणि तारेची उंची तेवढीच कमी होते. भराव घालण्याआधी कंपनीची लेखी संमती घ्यावी. टॉवरवर किंवा ताणावर चढणारी वेल वर ओढून काढू नये. ती जमिनीलगत कापून तशीच वाळू द्यावी. टॉवरला जनावर बांधू नये.

तुषार सिंचनाचा ६ मीटरचा पाइप उभा करून पाणी झटकणे, आंब्याचा धातूच्या दांड्याचा झेला, बोअरवेलची गाडी, ऊसतोडणी यंत्र, कडब्याने भरलेली ट्रॉली या सगळ्यांची उंची तारेशी ताडून पाहावी. पाइप दोघांनी आडवा धरूनच न्यावा. ओला बांबू वीज वाहून नेतो हे मजुरांना स्पष्ट सांगावे. तार तुटून पडली तर निदान दहा मीटर दूर राहावे, कारण तिच्याभोवतीची जमीनही विद्युतभारित असू शकते. त्या घेऱ्यात कोणी सापडले असेल तर त्याने दोन्ही पाय जुळवून छोट्या उड्या घेत बाहेर यावे. ट्रॅक्टरवर तार पडली तर चालकाने आग लागलेली नसेल तोवर खाली उतरू नये.

हक्क, भरपाई आणि नोंदी

वाहिनीमुळे जमिनीची मालकी जात नाही. टेलिग्राफ अधिनियम, १८८५ नुसार, ज्याचे अधिकार पारेषण कंपन्यांना विद्युत अधिनियमाच्या कलम १६४ खाली दिले जातात, कंपनीला केवळ वापराचा हक्क मिळतो, आणि पीक व झाडांच्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते. तिची रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. जमिनीच्या मोबदल्याबाबत केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१५ च्या सूचनांत टॉवरच्या पायाखालील जमिनीसाठी जमीनमूल्याच्या ८५ टक्के आणि पट्ट्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत मोबदला होता. जून २०२४ च्या सूचनांत तो अनुक्रमे २०० आणि ३० टक्के झाला. राज्यांतर्गत वाहिन्यांना या सूचना राज्याने स्वीकारल्या तशा लागू होतात, म्हणून काम सुरू होताना लागू असलेल्या शासन निर्णयाची प्रत प्रांत कार्यालयातून घ्यावी.

झाडांच्या भरपाईत एक मुद्दा निर्णायक असतो. विद्युत अधिनियमाच्या कलम ६८ नुसार वाहिनीला अडथळा करणारे झाड काढण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात, पण वाहिनी उभारण्यापूर्वीपासून असलेल्या झाडासाठीच त्यांनी भरपाई ठरवायची असते. म्हणजे झाड आधीचे होते हे दाखवता आले पाहिजे. ई-पीक पाहणीत बांधावरच्या झाडांची नोंद करता येते, ती करावी. सर्वेक्षणाच्या खुणा दिसू लागताच प्रत्येक झाडाचे जवळून छायाचित्र काढून त्याची जात, घेर व अंदाजे वय लिहून ठेवावे. संयुक्त पंचनाम्यात ही यादी जशीच्या तशी उतरली आहे का हे वाचून पाहावे आणि मगच सही करावी. यादीत एखादे झाड राहिले असेल तर तो आक्षेप सहीच्या वरच लिहावा, आणि पंचनाम्याची प्रत तिथेच मागून घ्यावी.